कडी

ओरोसहून फोन आला, सोमवारी सोडतायत.
म्हणजे माझ्याकडे दोन दिवस
आणि वीजबिलाच्या पाठीवर उतरवलेली यादी:
ओवा, बाळंतशोपा, वेखंड, डिंक, अळीव,
जुन्या सुती साड्यांचे तुकडे, धुऊन, उन्हात,
पण दिवेलागणीआधी आत घ्यायचे.
शेगडी. कोळसे.
आणि सगळ्यात खाली, उत्कर्षाच्याच आवाजात ऐकू येईल असं:
घरातला वास घालव.

वास.
सत्तावीस वर्षं मला तो कळलाच नव्हता.
जाळी मांगरात नेली,
डिझेलचे कॅन, बर्फाचा खोका, सुक्या बांगड्यांचं पिंप.
लादी तीनदा पुसली: एकदा सोड्याने,
एकदा लिंबाच्या सालींनी,
तिसऱ्यांदा नुसत्या पाण्याने, कारण हात थांबेनात.
मग बाहेर गेलो आणि पाहुण्यासारखा आत आलो,
हुंगत.
सोडा, लिंबू, ओवा,
आणि त्यांच्या खाली बांगडा, निवांत.

तिची आई असती तर बाळंतपण आचऱ्याला झालं असतं.
बाराव्या दिवशी मी पेढे घेऊन पोचलो असतो,
खुर्चीत बसून चहा पिणारा जावई.
आता खुर्चीवर वेखंड वाळतंय.

पाळणा इस्तेलबायचा, फणसाचा.
डोक्यावर घेऊन वाळूतून आणला.
आतल्या फळीवर खिळ्याने कोरलेली नावं:
पेद्रू. मिंगेल.
आणि तिसरं, मागाहून कुणीतरी खरवडलेलं.
पॉलिशपेपर सगळीकडे फिरवला
तेवढी जागा सोडून.
तिने पाहिलं, बोट फिरवलं त्यावरून,
म्हणाली, "सुंठीचे लाडू धाडतंय फाल्या."

टांगायचा कुठे?
पश्चिमेच्या खोलीत वारा आहे.
पण त्या भिंतीपासून दर्यापर्यंत
गेल्या दिवाळीत एकेचाळीस पावलं होती.
काल मोजली, तेहेतीस.
लांब टांगा पडल्या असतील म्हणून
परत मोजली, पाय जवळजवळ ठेवत.
चौतीस.

म्हणून खाडीच्या अंगाची खोली,
जिथे पाणी आवाज करत नाही,
नुसतं चढतं आणि उतरतं.
तिथल्या तुळईला एक कडी आहे,
कधीकाळी तराजू लटकवायची.
किती सुरमई पेलली असेल तिने,
पण सुरमई हातपाय झाडत नाही, तराजूत तरी.
होडीचा नांगर आणला, बारा किलोचा,
दोरीने बांधला, टांगला,
आणि झोका दिला.

इस्तेलबाय दारात.
"नांगर कित्याक टांगलंस रे?
झिलाक निजवतलंस की होडयेक?"
"चेडू आसा," म्हटलं.
"मग दोरयेक आजून एक गाठ मार."

दिवसभर तो तसाच ठेवला.
कडी कुरकुरली नाही.
नांगर पाण्यात टाकायचा असतो,
तो तळ धरतो, होडी जागेवर राहते,
एवढं मला ठाऊक.
छताला टांगलेला नांगर
कशाला धरून असतो
ते कुणी शिकवलं नाही.

रात्री तिचा फोन. "काय करतोयस?"
"काही नाही. झाडतोय."
"वास गेला?"
"जवळजवळ."
ती हसली, टाके दुखले असावेत, थांबली.
मग म्हणाली, थांब, तिच्या कानाला लावते,
बोल काहीतरी.

दोन किलो तीनशे ग्रॅमच्या माणसाशी
काय बोलतात?
मी आजचे भाव सांगितले.
बांगडा दीडशे, सुरमई सातशे,
कोळंबी आलीच नाही गं.
पलीकडून एक शिंक आली, एवढीशी.

फोन ठेवून नांगर उतरवायला गेलो
तर तो अजून हलत होता, अगदी थोडा.
म्हणजे खाडीकडूनही येतो वारा.
यादीत वाढवलं:
खिडकीला पडदा.